सांगितलं होतं

देवरामनं पहारीचं टोक तीन नंबरच्या थंड खोलीच्या उंबऱ्याशी धरलेल्या बर्फात घातलं आणि अंगाचा भार देऊन रेटलं. काचेसारखा एक तुकडा सुटला, फरशीवरून घसरत बायकांच्या गमबुटांपाशी येऊन थांबला. त्यानं कपाळावरची माकडटोपी मागे सारली.

"आत पार मधल्या खांबापर्यंत धरलंय," तो म्हणाला. "कोणी घाई करायची नाय. मी खरवडतो, मीठ मारतो, मग जायचं. भागी, ऐकलं? जनीआत्या, तुमी?"

बायकांनी माना हलवल्या. खोकी भरून तयार होती, त्यांच्यातल्या मटाराचा गारवा हातमोज्यांतून बोटांत शिरत होता.

"मैनाताई, तू ऐकलंस?"

मैना जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढत होती. चेन वर पोचल्यावर मगच ती बोलली.

"आमाला ऐकवतोस का भिंतीला, देवराम?"

एरवी एवढ्यावर बायका हसल्या असत्या. आज कोणी हसलं नाही. देवराम वाकला आणि पुन्हा पहार चालवू लागला. मैना त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. माणूस खरा असता तर चिडला असता, तिच्या मनात आलं. हा गप्प बसतो.

मुरबाडच्या अलीकडे रस्त्याला लागून पांढऱ्या पत्र्याची ती लांबडी इमारत होती. गावातले लोक तिला बर्फाची कंपनी म्हणत. बर्फ काही तिथं बनत नव्हता. मटार, मक्याचे दाणे, शेवग्याच्या शेंगा तिथं गोठवून खोक्यांत भरत आणि बोटीनं परदेशी पाठवत. पण बाहेर रस्त्यावर माणसं सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसत असताना आतून बायका कान बांधून, तोंडातून वाफ सोडत यायच्या, म्हणून ते नाव पडलं होतं. मैना देसले तिथं पहिल्यापासून होती. आधी स्वतः खोकी उचलायची, पुढं शेठनं तिला बायकांवर नेमलं. दर हिवाळ्यात, मटाराचा माल वाढला की शेणव्याच्या वरच्या वाड्यांमधून बायका आणायचं काम तिचंच. पहाटे टेम्पो निघायचा, मैना पुढं ड्रायव्हरशेजारी बसायची आणि कोणासाठी गाडी थांबवायची ते सांगायची.

देवराम तिच्या माहेरच्या गावचा. भाऊबंदातलाच म्हणायचा. आयटीआय करून आला आणि शेठनं त्याला एकदम सुपरवायझर केलं. त्याआधी शेठ कुठलीही गोष्ट मैनालाच विचारायचा. आता हाक यायची ती देवरामच्या नावानं. मैनानं त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. पण तेव्हापासून ती त्याच्यावर नजर ठेवून होती.

वाडीतली सावळी बर्फावर घसरून पडली त्या दिवशी नेमकी मैना कामावर नव्हती. नवऱ्याबरोबर म्हशाच्या जत्रेला गेली होती. तिच्या नवऱ्याला बैल बघायचे होते, आणि बैलांच्या बाजारात फिरून पाय दुखले म्हणून दोघं झाडाखाली भजी खात बसली होती तेव्हा गावातला एक जण सांगत आला, की तुमच्या बर्फाच्या कंपनीत वाडीतली एक बाई पडली, जीपमध्ये घालून शहापूरला नेली. मांडीचं हाड मोडलं होतं. सावळी उघडा तिचं नाव. तरणीताठी, डोक्यावर दोन खोकी घेऊन झपाझप चालणारी. मैनानंच तिला आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैना कामावर आली ती थेट देवरामसमोर जाऊन उभी राहिली.

"सांगितलं नव्हतंस तिला?"

"सांगितलं होतं."

"मग ती गेली कशी?"

देवरामनं नजर वळवली. "गेली," एवढंच म्हणाला.

त्या नजर वळवण्यानं मैनाच्या मनात जी पाल चुकचुकली ती गेलीच नाही. तिनं बायकांना एकेकीला गाठलं. भागी म्हणाली, मी पाणी प्यायला गेलेली. जनी म्हणाली, माझं लक्ष नव्हतं गो, कान बांधलेले. तिसरी म्हणाली, देवराम काहीतरी बोलला खरं, काय ते कळलं नाय. सगळ्या त्याच दारात रांगेनं उभ्या होत्या आणि कोणी काही पाहिलं नव्हतं. मैना भाकरी खायला त्यांच्यात जाऊन बसली की बोलणं आपोआप मिठावर, चटणीवर यायचं. ती उठून गेली की मागं कुजबुज सुरू व्हायची. एकदा ती मुद्दाम मोरीपाशी थांबली आणि मागं वळली, तर भागीनं पदर तोंडाला लावला.

यांना कोणीतरी दाबलंय, मैनाला वाटलं. आणि दाबायला दुसरं आहे कोण?

शिवाय त्या दिवसापासून देवराम बदलला होता. आधी एकदा सांगून मोकळा व्हायचा. आता रोज सकाळी पहार घेऊन दारात उभा राहायचा, एकेकीचं नाव घेऊन विचारायचा, ऐकलं का म्हणून. दारावर त्यानं खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आत बर्फ आहे, जपून’. बायकांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं. मग ते लिहिलं कोणासाठी? जो आधी विसरला तोच नंतर ओरडतो, मैना घरी नवऱ्याला म्हणाली. नवरा नव्या बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. तो म्हणाला, तुला कोणाचं कधी खरं वाटलंय?

सोमवारी शेठनं तिला ऑफिसात बोलावलं. कधी नव्हे ते खुर्चीवर बस म्हणाला. मैना बसली नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"ठाण्याहून कारखाने तपासणारे साहेब येणार आहेत, गुरुवारी," शेठ म्हणाला. "त्या बाईच्या केससाठी. ते एकच विचारणार. तिला सूचना दिली होती की नाही. दिली असेल तर तिची चूक. नसेल दिली तर देवरामची चूक. तिसरं काही नाही."

"तुमाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी त्या दिवशी मुंबईत होतो." शेठनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. "तू जाऊन तिला भेट. तुझं ऐकतात ती माणसं. ती काय सांगणार आहे ते आपल्याला आधी कळलेलं बरं. आणि मैना, मला तुझ्यावर भरवसा आहे. देवराम गेला तर मला काय, तू आहेसच."

मैना बाहेर आली तेव्हा देवराम मशीनच्या खोलीपाशी उभा होता. त्यानं काय काम होतं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुपारचं काम दुसरीवर सोपवून ती जीपनं शेणव्याला उतरली. तिथून वाडीची पायवाट डोंगराला लागते. भातकापणी होऊन गेली होती, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, बांधावर वालाच्या वेलांना शेंगा धरलेल्या. ऊन चांगलंच तापलं होतं. पहिल्या चढावर मैना दम खायला थांबली आणि वरून मोटारसायकलचा खडखडाट ऐकू आला. बंद इंजिननं, ब्रेक दाबत दाबत कोणीतरी उतरत होतं.

देवराम होता. हँडलला रिकामी पिशवी लटकत होती.

त्यालाही तिला बघून धक्का बसला. त्यानं पाय टेकवला.

"ताई, तू इकडं?"

"मी विचारते तुला. तू कामाच्या टायमाला इकडं काय करतोस?"

"सावळीला बघायला गेलतो. संत्री दिली थोडी."

"मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर तू बरोबर आली असतीस."

"मग? बिघडलं असतं काय?"

देवरामनं पिशवीची घडी केली, खिशात कोंबायला लागला. ती मावेना.

"ती काय बोलली नसती मग," तो म्हणाला.

त्यानं गाडी पुढं सोडली. मैना त्याची पाठ वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. हे तो तोंडावर सांगून गेला होता. तिच्यासमोर सावळी बोलली नसती, म्हणजे त्याला जे वदवून घ्यायचं होतं ते मैनासमोर जमलं नसतं. संत्री देऊन काय कबूल करून घेतलं असेल? आणि ती वाडीतली माणसं. दाराशी कोणी मोटारसायकलवरून आलं, गोड बोललं की हो म्हणणारी. मैनाचा थकवा पळाला. राहिलेला चढ तिनं रागातच चढला.

सावळीचं घर वाडीच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंती नुकत्या सारवलेल्या. ओसरीवर गोधडीच्या घड्या रचून सावळीला टेकवून बसवलं होतं. पायाला कमरेपासून खाली पांढरं प्लास्टर. बाजूला तिचा नवरा चांगो बांबूच्या कांबी सोलत होता. मैनाला पाहून त्यानं कोयता थांबवला, पुन्हा सुरू केला. उठला नाही.

"ये, बाय," सावळी म्हणाली. तिनं पदर सारखा केला आणि उगाच सरळ बसायला गेली. कळ लागली असावी, ओठ दाताखाली धरले.

"राहू दे, राहू दे. कसा हाय पाय?"

"हाय."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"चालशील म्हनला. खोकी नाय उचलायची म्हनला."

मैना ओसरीच्या कडेला टेकली. संत्री परातीत तशीच होती, एकही सोललेली नव्हती. तिनं ती मोजली नाहीत, पण पाहिली. कोपऱ्यात एक कोंबडी पिलांना घेऊन उकरत होती. चांगोचा कोयता कांबीवरून सरकत होता. पाणी कोणी दिलं नाही.

"गुरवारी साहेब येणार हाय ठाण्याहून," मैना म्हणाली. "तुझ्यासाठी. इकडंही येईल कदाचित. तो विचारेल, तुला आत बर्फ हाय म्हणून सांगितलं होतं का. तर जे खरं ते सांगायचं. कोणी येऊन काय सांगून गेला असेल, काय देऊन गेला असेल, ते मनात नाय धरायचं. घाबरायचं तर मुळीच नाय. मी हाय."

सावळी तिच्याकडे बघत होती.

"त्यानं नव्हतं ना सांगितलं?" मैनानं आवाज खाली आणला.

"सांगितलेलं, बाय."

"हे त्यानं आता शिकवलं तुला."

"नाय." सावळीनं मान हलवली. "तो आता येऊन उलटाच बोलला. म्हनला, साहेबाला सांग, देवरामनं मला काय सांगितलं नाय. म्हनजे तुझा औषधपानी कंपनी करल. माला कुठंपन काम भेटल, म्हनला."

मैनाला आधी ते नीट कळलंच नाही. ती चांगोकडे वळली. चांगोनं नुसती मान हलवली. बरोबर आहे, तसंच म्हणाला, अशी.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी कशाला खोटी बोलू? तिथं थांबवनारा तो एकटाच व्हता. तो म्हनला सावळी थांब, मी पहार आनतो. दोनदा म्हनला."

"मग?" मैनाचा आवाज तिला नको होता तेवढा चढला. "मग गेलीस कशाला गो मरायला? तो सांगतोय, थांब म्हणतोय, आन तू..."

सावळीनं प्लास्टरच्या कडेला लोंबणारा दोरा बोटाला गुंडाळला. मग नवऱ्याकडं पाहिलं.

"बोल," चांगो म्हणाला. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता. "तिनं इचारलंय."

"रंगू ठाव हाय ना तुला, बाय?" सावळी म्हणाली. "खालच्या आळीची. आमच्यासंगं यायची."

मैनाला रंगू आठवायला वेळ लागला नाही.

"तिचा पाय सरकायला लागला म्हनून ती एक दिस दारातच उभी राहिली. आत जाईना. तू तिला म्हनलीस, भ्या वाटतं तर घरी बस."

"बोलायच्या भरात माणूस बोलतं."

"व्हय. मंग औंदा टेम्पो आला. आमी सगळ्या रस्त्यावर उभ्या, रंगूपन उभी. डबा घेऊन. आमी चढलो. गाडी सुटली."

"टेम्पो भरला होता त्या दिवशी."

"आसल." सावळीच्या आवाजात राग नव्हता. कोणाच्या तरी दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती. "माला काय ठाव. मी मागं बसलेली. तू पुढं बसलेलीस. तू काचंतून तिच्याकडं बघितलंस, एवढं मी बघितलं."

कोयता थांबला होता.

"त्या दिसाला तू जत्रंला गेलेलीस," सावळी पुढं म्हणाली. "देवरामदादा पहार आनाया गेला. आमी उभ्या. जनीआत्या म्हनली, मैनाबाय उद्या येल, माल कमी का गेला म्हनून इचारल, कोन थांबली म्हनून इचारल. मंग मीच म्हनली, मी जाते. मी हलकी हाय. माला वाटला, मी बेतानं जाईन."

मैना उठली. उठली खरी, पण उभं राहून काय करायचं ते तिला सुचेना. तिनं ओसरीच्या खांबाला हात लावला. खांब उन्हानं तापलेला होता.

रंगूला तिनं काढलं नव्हतं. असं कोणाला ती म्हणालीच नव्हती, ड्रायव्हरलाही नाही. टेम्पो खरंच भरला होता. दाटीवाटीनं आणखी एक बसली असती, पण भरला होता. तिनं फक्त थांब म्हटलं नव्हतं. आणि ते इथं वर, या डोंगराच्या टोकाला, सगळ्यांना माहीत होतं. भागीला, जनीला. देवरामलाही. भाकरी खाताना मिठाचटणीवर येणारं बोलणं, पदराआड दाबलेलं तोंड, सगळं तिनं त्याच्या खात्यावर लावलं होतं.

"पानी देतो," चांगो म्हणाला आणि आत गेला.

मैना पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. निघताना मैनाला काही म्हणायचं होतं. "जपून राहा," एवढं म्हणाली. तिच्या कानाला ते देवरामच्या सूचनेसारखंच वाटलं.

गुरुवारी साहेब जेवायच्या सुट्टीच्या आधी आले. वयस्कर, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात डायरी. आधी शहापूरला जाऊन दवाखान्यातून आल्याचं त्यांनी सांगितलं. वाडीचा चढ त्यांना झेपण्यासारखा नव्हता. शेठनं चहा मागवला. टेबलाच्या एका बाजूला देवराम उभा होता, माकडटोपी हातात चुरगाळत. दुसऱ्या बाजूला मैना.

"तुम्ही त्या बाईला भेटलात?" साहेबांनी मैनाला विचारलं.

"भेटले."

"काय म्हणाली? तिला बर्फाची सूचना दिली होती?"

शेठ खिडकीतून रस्त्याकडं बघत होता. देवराम मैनाकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत जी विनवणी होती ती आज तिला सरळ वाचता आली. नाही म्हण, असं तो म्हणत होता.

"दिली होती," मैना म्हणाली. "दोनदा. ती तसंच सांगते."

देवरामनं मान खाली घातली. शेठनं चहाचा कप उचलला.

"म्हणजे सूचना असून ती स्वतःच्या मर्जीनं आत गेली," साहेब लिहायला वाकले.

"मर्जीनं नाय."

"मग?"

"माझ्या धाकानं गेली." मैनानं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "जी थांबते तिला मी पुढच्या वर्षाला आणत नाय. असं बायकांना वाटतं. वाटतं काय, तसंच हाय ते."

साहेबांनी पेन उचललं आणि चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. मग शेठकडं. शेठ हसला, बायका काहीही बोलतात अशा अर्थाचं.

"हे मी कुठं लिहू, बाई?" साहेब म्हणाले. त्यांचा स्वर वाईट नव्हता, खरोखरच विचारत होते. "मला विचारायचं असतं सूचना दिली की नाही."

"नका लिहू," मैना म्हणाली. "पण दार बघा. तीन नंबरचं. त्याचा रबर दोन पावसाळे फाटलेला हाय. बाहेरची हवा आत घुसते, तिचं पाणी होतं आन बर्फ धरतो. देवराम रोज खरवडतो, रोज धरतो. त्यानं सांगितलं होतं शेठला. मीपण होते तेव्हा."

शेठनं कप बशीत ठेवला.

साहेब उठले. चहा तसाच टाकून ते देवरामच्या मागून तीन नंबरपाशी गेले, शर्टाची बाही वर सरकवून दाराच्या कडेला हात लावला. रबर लोंबत होता, त्यांचा पंजा आरपार गेला. पंजा तसाच ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. ऑफिसात परतल्यावर शेठशी जे बोलले ते दार लावून बोलले.

सावळीच्या औषधपाण्याचं कंपनीनं बघायचं ठरलं. नवा रबर मुंबईहून मागवला. देवरामला कोणी काही म्हणालं नाही. मैनाला शेठनं त्यानंतर ऑफिसात बोलावलं नाही. व्हरांड्यात समोर आला तर तिच्या डोक्यावरून बघत निघून जायचा. देवराम मात्र एकदा मोरीपाशी तिच्या बाजूला हात धुवायला उभा राहिला. काहीतरी बोलायला आला होता. हात धुऊन झाले, टॉवेल शोधला, आणि पँटला पुसत तसाच गेला.

बायकांना ऑफिसात काय झालं ते कळलं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की मैना शेठबरोबर आत गेली, साहेब येऊन दार बघून गेले, आणि मैना बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. त्यातून जिनं तिनं आपापला अर्थ काढला. भाकरीच्या वेळी मिठाचटणीच्या गप्पा चालूच होत्या.

शनिवारी सकाळी तीन नंबरचं दार उघडलं तेव्हा थंड धुकं बाहेर लोटलं आणि मागं फरशी दिसली. रबर अजून आला नव्हता. बर्फ खांबाच्याही पुढं गेला होता, ट्यूबलाइटच्या उजेडात नदीच्या पाण्यासारखा चमकत होता. देवराम पहार आणायला मागं गेला. बायका डोक्यावर खोकी घेऊन रांगेनं उभ्या होत्या. भागी सर्वांत पुढं. तिनं फरशीकडं पाहिलं, मग मैनाकडं, आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकण्यासाठी उचलला.

"थांब गो," मैना म्हणाली.

भागीचा पाय तसाच राहिला.

"खाली ठेवा खोकी. सगळ्याजणी. त्याचं खरवडून होऊ दे."

"माल वितळल, बाय," मागून जनी म्हणाली.

"वितळू दे. बसा जरा."

मैनानं भिंतीशी पडलेली क्रेट पालथी केली आणि स्वतः तिच्यावर बसली. हातमोजे काढून मांडीवर ठेवले. आजवर कामाच्या वेळेला तिला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिलाही कसंनुसं वाटत होतं. पाय कुठं ठेवावे कळत नव्हतं.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. खोकी हळूहळू खाली आली. पण बसलं कोणी नाही. भागीची नजर मैनाच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. आज कोणाचं नाव ती लक्षात ठेवते आहे ते शोधत असल्यासारखी. आत पहारीचे घाव सुरू झाले. एक, मग थांबून दुसरा. गार हवा पायांवरून वाहत होती.

"बसा म्हटलं ना," मैना म्हणाली. आवाज शक्य तेवढा मऊ ठेवून.

त्या उभ्याच राहिल्या. बऱ्याच वेळानं भागीनं साडी गुडघ्याशी आवळली आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून उकिडवी झाली. टाचा वर उचललेल्या, हात खोक्याच्या कडेवर, कधीही उठता येईल अशी.